कमरेची चावी

ही घटना आठवायला मला एरवी निमित्त लागत नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र निमित्त आपणहून समोर येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "सर, स्माइल प्लीज."

म्हणणारा बोटीवरचा फोटोग्राफर होता आणि जागा होती मलेशियातलं पेनांग बंदर. निवृत्तीनंतर मी खांदेश्वरला राहतो. तिथल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझची टूम काढली आणि सौभाग्यवतींनी मला न विचारता दोघांची नावं देऊन टाकली. "गणपती तुमचे बंदोबस्तात, दिवाळी तुमची बंदोबस्तात. बोटीतून तरी कुठे पळून जाल?" असं तिचं म्हणणं. बोट सकाळी बंदराला लागते, प्रवासी दिवसभर शहर बघतात आणि संध्याकाळी बोट पुढे निघते. उतरताना शिडीच्या पायथ्याशी हा फोटोग्राफर प्रत्येकाला थांबवतो, फोटो काढतो आणि मग बोटीवर विकायला मांडतो. बायको छान हसली. मला हसता आलं नाही. अशाच एका फोटोवरून मी एक तपास लावला होता आणि तो फोटो याच धक्क्यावर, अशाच एका शिडीपाशी काढलेला होता.

मी तेव्हा नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. कुणाचं नाव इथे लिहीत नाही. ती माणसं अजून आसपासच राहतात, आणि नाव छापून यावं असं त्यातल्या बहुतेकांनी काही केलेलंही नाही.

एका सकाळी ठाणे अंमलदाराने एका जोडप्याला माझ्या केबिनमध्ये आणून बसवलं. नवरा चाळिशीचा, गळ्यात जाड चेन, बोलणं मऊ. बायकोच्या हातात प्लॅस्टिकची फाइल. राहायला कामोठ्यात फ्लॅट, मूळ घर खाडीकाठच्या एका जुन्या गावात. तक्रार अशी, की क्रूझला सोबत नेलेली आई पेनांगमध्ये हरवली.

"मार्केटमध्ये साहेब. तिकडे आपल्यासारखंच मार्केट आहे, देऊळ आहे, हारवाले आहेत. गर्दी होती. आम्ही हार बघत होतो, मागे वळतो तर आई नाही. लय शोधली. मग तिकडच्या पोलिसांत कंप्लेंट दिली."

"आणि मग?"

"मग काय, बोट सुटायची वेळ झाली. सामान सगळं बोटीवर. बोटवाले बोलले, आमचा माणूस बघेल इथे, तुम्ही टेन्शन घेऊ नका."

"म्हणून तुम्ही बोटीत चढलात."

"रिटर्न तिकीट होतं ना साहेब."

त्याला त्यात वावगं काही वाटलेलं दिसलं नाही. माणूस हरवलं की घरचे ठाण्यात कसे येतात, हे मी नोकरीभर पाहिलेलं आहे. येताना एकाच्या पायात दुसऱ्याची चप्पल असते. ते हमखास दोन गोष्टी विचारतात: जेवण मिळालं असेल का, आणि झोपायला कुठे गेला असेल. या दोघांनी त्यातलं एकही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तक्रारीची कॉपी कधी मिळेल? ट्रॅव्हलवाल्याला द्यायची आहे."

मी मिसिंग दाखल करून घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली आणि आयुक्तालयामार्फत तिकडच्या आपल्या वकिलातीला संदेश गेला. म्हातारी पंचाहत्तरीला आलेली. अंगठेबहाद्दर. आपली बोली सोडून दुसरी भाषा नाही, पासपोर्ट बोटीवर राहिलेला, अंगावर नेसत्या लुगड्याशिवाय काही नाही. ती माझ्या हद्दीत नव्हती, माझ्या देशातही नव्हती. पण ती जिवंत असेल तर आपल्या हाताशी फार वेळ नाही, एवढं कळायला पोलीस असायची गरज नव्हती.

ओळखीसाठी अलीकडचा फोटो मागितला. मुलाने पेनांगला उतरताना बोटीच्या शिडीपाशी काढलेला फोटो दिला. मुलगा, सून आणि मध्ये म्हातारी. नऊवारी लुगडं, पायात नवे कोरे बूट, गळ्यात बोटीचं ओळखपत्र, उन्हामुळे डोळ्यांवर धरलेला हात. फोटोची प्रत तिकडे रवाना झाली आणि एक फाइलला लागली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही, पण बोली त्याच गावची होती.

"साहेब, म्हातारी तिकडं हरवलीय नि इकडं तिच्या घराची कौलं उतरतायत. तुमी येऊन बगा."

एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मी एक महिला उपनिरीक्षक आणि एका हवालदाराला घेऊन निघालो.

गाव म्हणजे काय, नावालाच गाव. चार चार मजल्यांच्या इमारती एकमेकींना टेकून उभ्या, मधून एक रिक्षा जेमतेम जाईल एवढी वाट. पूर्वी जिथे मिठागर होतं तिथे आता जिमखाना आहे. या सगळ्यात एकच कौलारू घर शिल्लक होतं. पुढे ओटा, ओट्याच्या कडेला मासळी साफ करायचा दगड. दाराला कुलूप आणि छपरावर तीन मजूर. कौलं उतरवून टेम्पोत रचणं चाललं होतं. खाली बिल्डरचा माणूस मोबाइलवर बोलत उभा.

शेजाऱ्यांकडून हळूहळू हकीकत निघाली. मुलाने बिल्डरशी बोलणी करून टाकली होती. घरपट्टी मुलाच्या नावावर. अडचण फक्त आईची. ती घर सोडायला तयार नव्हती. मुलाने एकदा गोड बोलून कामोठ्याला नेलं. दुसऱ्या सकाळी ती रिक्षा करून परत आली आणि ओट्यावर बोंबील साफ करत बसली. कागदावर तिचं काहीच नव्हतं. ती तिथे बसलेली होती, एवढाच तिचा कबजा. मग एक दिवस मुलगा म्हणाला, चल आई, तुला बोटीतून जग दाखवतो. ती हे सगळ्या आळीला सांगत फिरली होती. पोरगा बोटीनं नेतोय मना, असं.

म्हातारीची लेक उरणजवळच्या मोऱ्याला, कोळ्यांच्या बंदरात दिलेली. आई हरवल्याचं कळताच ती तिथून धावत आली होती आणि भावाच्या घरी न जाता इथेच ओट्याशी उभी होती. मी मुलाला बोलावून घेतलं. तो बायकोसह गाडीतून उतरला, छपरावरच्या मजुरांकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "पावसाच्या आधी रिपेअर करून घेतोय साहेब. आई आल्यावर तिला बरं वाटेल."

"घर उघडा. तिची औषधं, कपडे बघायचे आहेत."

त्याने पँटच्या खिशात हात घातला, चावी काढली आणि कुलूप उघडलं. अगदी सहज. मी आत पाऊल टाकणार तेवढ्यात लेकीने मागून त्याचा हात धरला.

"ही चावी तुज्याकडं कशी रं?" तिने विचारलं.

"कशी म्हणजे? घराची चावी आहे."

"ही आयच्या कमरेची चावी हाय." मग माझ्याकडे वळून तिने परत तेच सांगितलं. "साहेब, ही चावी आयच्या कमरेला असते. झोपताना, आंघोळीला, मयताला, लग्नाला. आमचा बाप गेला तवा तिनं बांगड्या उतरवल्या, पन चावी नाय उतरवली."

या बाजूच्या गावांत ही रीतच आहे. घरच्या कारभारणीच्या कमरेला, लुगड्याच्या निऱ्यांवर घराची चावी खोचलेली असायची. सून घरात आली, नातवंडं झाली, कपाटं लॉकरची आली, तरी ती चावी हलत नसे. नव्या बायका पर्स वापरतात, पण त्या म्हातारीच्या वयाची बाई ती चावी जिवंतपणी कुणाच्या हातात देत नाही. मुलाला हे माहीत नव्हतं असं नाही. तो त्याच ओट्यावर वाढलेला. पण कामोठ्याच्या फ्लॅटला कोडचं कुलूप लावल्यापासून त्याच्या लेखी चावी म्हणजे चावी एवढंच राहिलं होतं. खिशात हात घालताना त्याच्या मनात काहीच आलं नसणार.

"डुप्लिकेट आहे ती," तो म्हणाला.

"या कुलपाला दुसरी चावी नाय. आनि ही गाठ बग." लेकीने चावीला बांधलेली निळी दोरी धरली. मासे पकडायच्या जाळ्याची दोरी, गाठही जाळं विणताना मारतात तशी. "माज्या नवऱ्यानं मारून दिलीय. आय बोलली होती, सुटनार नाय अशी मार."

मी तिथे एकही प्रश्न विचारला नाही. दोन पंच बोलावले, चावी पंचनामा करून मुद्देमालात घेतली, मजुरांना छपरावरून खाली उतरायला लावलं आणि नवराबायकोला ठाण्यात आणलं.

ठाण्यात फाइलमधला फोटो काढून मोठा करून पाहिला. म्हातारीच्या कमरेला, उजव्या बाजूला, निळी दोरी स्पष्ट दिसत होती. म्हणजे बोटीतून उतरताना चावी तिच्या अंगावर होती. ती पेनांगमध्ये हरवली आणि चावी तेवढी नवी मुंबईत पोचली.

चौकशीत आरडाओरडा करणारे अधिकारी असतात. मी त्यातला नाही. ओरडलं की माणूस ओरडण्याकडे लक्ष देतो आणि खोटं रचायला मोकळा राहतो. मी दोघांना वेगळं बसवलं. सुनेला महिला उपनिरीक्षकांकडे सोपवलं आणि मुलाला समोर घेतलं.

"चावी आईने कधी दिली?"

"निघताना. घरून निघतानाच दिली साहेब."

मी फोटो त्याच्यापुढे सरकवला आणि दोरीवर बोट ठेवलं.

"मग बोटीवर दिली असेल. हां, बोटीवरच."

"फोटो बोटीतून उतरल्यावरचा आहे."

तो फोटोकडे बघत राहिला. गळ्यातल्या चेनशी त्याचा हात खेळत होता, तो थांबला. शेवटी म्हणाला, "साहेब, जरा पाणी मिळेल का?"

हवालदाराने ग्लास आणून ठेवला. त्याने उचलला, ओठांपर्यंत नेला आणि न पिता खाली ठेवला. मग बोलायला लागला.

"मार्केटमध्ये नाही साहेब. तिथं समुद्रात खांबांवर लाकडाची घरं आहेत, चिनी लोकांची. जेट्टी बोलतात. एकदम शेवटाला बाकडं आहे. आईला ती जागा आवडली. मासळी सुकत घातलेली होती ना. हसली पण. मी बोललो, तू बस इथं, मी पाणी घेऊन येतो. कार्ड आणि चावी दे माझ्याकडे, इथं चोर असतात. तिनं दिली."

"काही विचारलं नाही?"

"बोलली, थंड नको आणू, दात ठणकतात."

हवालदार माझ्यापेक्षा वयाने मोठा, अनेक खून पाहिलेला. तो उठून बाहेर गेला.

"मारायचा विचार नव्हता साहेब, आईशप्पथ," मुलगा म्हणाला. होय, हाच शब्द त्याने वापरला. "तिकडचे पोलीस चांगले असतात. शोधून पाठवतील, असं वाटलं. महिनाभर गेला असता त्यात. तेवढ्यात घर खाली करून दिलं असतं. मग ती आली असती तर कामोठ्याला राहिली असती गपचूप. जाणार कुठे?"

त्याची योजना ही एवढीच होती. आईला एका परक्या देशात ठेवून द्यायची, घर पडलं की परत घ्यायची. गॅलरीतलं सामान रंगकामापुरतं शेजाऱ्याकडे ठेवतात तसं. मी नोकरीत क्रूर माणसं पाहिली आहेत. क्रूर माणसाला निदान आपण काय करतोय हे ठाऊक असतं. या माणसाला आपण फार तर थोडी लबाडी केली असं वाटत होतं. बायकोने दुसऱ्या खोलीत तीच जागा सांगितली आणि वर जोडलं, "मी बोलले होते यांना, छत्री तरी ठेवू तिच्याजवळ."

संदेश तासाभरात गेला. तिकडच्या पोलिसांनी इतके दिवस मार्केट, देऊळ आणि इस्पितळं पालथी घातली होती, कारण मुलाने त्यांना तीच जागा सांगितली होती. आता खरी जागा कळताच त्याच संध्याकाळी उत्तर आलं. म्हातारी जिवंत आहे. बाकड्यावरच बसलेली मिळाली.

ठाण्यात त्या संध्याकाळी चहा झाला, वडापाव झाले. मीही खाल्ले. तपास लागला की पोलिसाला भूक लागते. पुढे काय वाढून ठेवलंय याची मला कल्पना नव्हती असं नाही, पण एवढी नव्हती.

आधी कायद्याचं सांगतो. म्हाताऱ्या आईबापाला टाकून देणाऱ्यासाठी ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम आहे. शिक्षा जास्तीत जास्त तीन महिने, किंवा दंड. त्यात गुन्हा घडला देशाबाहेर, म्हणजे खटल्याला केंद्र सरकारची मंजुरी हवी. मी दुसरी कलमं लावता येतात का ते वकिलांना विचारून विचारून हैराण केलं. सगळे एकच म्हणाले, सगळं म्हातारीच्या जबाबावर आहे.

वकिलातीच्या लोकांनी तिला विमानात बसवून दिलं. विमानतळावर मी लेकीला घेऊन गेलो. चाकाच्या खुर्चीतून ती बाहेर आली. लुगडं तेच, पण स्वच्छ धुतलेलं. अंगात वरून एक फुलाफुलांचं सुती जाकीट, कुणीतरी तिकडे दिलेलं. लेकीने मिठी मारून हंबरडा फोडला. म्हातारीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, "तो नाय आला?"

मला तिथेच कळायला हवं होतं. वयस्कर बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो, म्हणून दोन दिवसांनी आम्ही मोऱ्याला गेलो. जावई पडवीत जाळं शिवत बसला होता. म्हातारी भिंतीला टेकून. महिला उपनिरीक्षक कागद घेऊन समोर बसल्या.

"लिवा," म्हातारी म्हणाली. "मीच उठून गेले. समुद्र बगत बगत गेले नि वाट चुकले. पोराचा काय दोस नाय."

"आजी, तो पाणी आणतो म्हणून गेला होता ना? त्यानेच सांगितलंय आम्हाला."

"त्याला तुमी मारला असंल, म्हनून बोलला."

"कुणी हात लावलेला नाही. बरं, चावी? चावी त्याच्याकडे कशी आली?"

"मीच दिली. म्हनलं, तू जा फुडं, घरात देवाजवळ दिवा लाव. मी येते मागून."

"पेनांगहून मागून?" मी जरा तडकलोच.

तिने माझ्याकडे बघितलं. सौदा झाल्यावर घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाईकाकडे बघावं तसं. "तुमाला पोरं हायत, साहेब?"

"एक मुलगा आहे."

"मग लिवा."

आतून लेक ओरडत बाहेर आली. "आय, खोटं बोलू नको! त्यानं तुला टाकली, कुत्र्याला टाकतात तशी!"

"तू गप बस," म्हातारी शांतपणे म्हणाली. "भाऊबीजेला कुनाकडं जाशील?"

लेक परत आत गेली. आम्ही जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला. म्हातारीने अंगठा उठवला. त्या कागदावरचं एकही वाक्य खरं नव्हतं आणि कायद्याच्या दृष्टीने तेवढाच एक कागद खरा होता. पोलिसांसमोर दिलेली मुलाची कबुली कोर्टात उभी राहत नाही, हे आता शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. प्रकरण वरच्या साहेबांकडे गेलं, शेरा पडला, बंद झालं.

घर वाचणार नव्हतंच. ते पाडण्याआड येणारी एकच गोष्ट होती, ती आता मोऱ्याला राहत होती. मुद्देमाल परत करायचा हुकूम आला तोवर तिथे पत्रे ठोकून खोदकाम सुरू झालं होतं. म्हातारी लेकीबरोबर चावी घ्यायला ठाण्यात आली. मी पाकीट फोडून चावी तिच्या हातावर ठेवली. "आजी, घर तर..." एवढंच म्हणालो.

"ठाव हाय मना."

तिने निळी दोरी बोटांनी चाचपली, गाठ बघितली आणि चावी कमरेला खोचली. बाहेर रस्त्यापलीकडे मुलाची गाडी उभी होती. तो आत आला नाही. म्हातारी फाटकाशी क्षणभर थांबली, त्या दिशेला बघितलं आणि लेकीने थांबवलेल्या रिक्षात चढली.

खरं सांगतो, त्या दिवशी मला मुलाचा आला त्याहून जास्त राग म्हातारीचा आला. आम्ही एवढा जीव तोडून शोधायचं, सिद्ध करायचं, आणि ज्याच्यासाठी करायचं त्यानेच सगळं पुसून टाकायचं. पुढे मी जिथे जिथे होतो तिथे नव्या अधिकाऱ्यांना हे उदाहरण देत असे. कायदा त्यालाच शिक्षा करू शकतो, ज्याच्याविरुद्ध बोलायला कुणी तयार असतं. या देशात आईकडून ती अपेक्षा करू नका, असं सांगत असे. सांगताना आवाज चढायचा. काही वर्षांनी लेकीने फोनवर कळवलं, आय गेली, मोऱ्यालाच. चावीचं काय केलं, हे मी विचारलं नाही.

तर, पेनांग. फोटोग्राफरपासून सुटका करून आम्ही दोघं बंदराबाहेर पडलो. मंडळाचे बाकी लोक बसने टेकडीवर गेले. आम्ही चालत निघालो. घड्याळाचा मनोरा, समुद्राकडे तोंड केलेला जुना किल्ला, इंग्रजांच्या काळच्या पांढऱ्या इमारती. आमची ही खूश होती. पुढे हिंदुस्थानी बाजार लागला. मोगऱ्याचे हार, तांब्याची भांडी, मोठ्याने लावलेली तमिळ गाणी, रंगीत गोपुराचं देऊळ. मुलाने सांगितलेलं देऊळ ते हेच. मी दारात उभा राहून गर्दीकडे बघत राहिलो. इथे लोकांनी किती दिवस तिला शोधलं असेल.

"तुम्ही सुट्टीवर आलाय की तपासाला?" बायकोने विचारलं.

"तपास केव्हाच बंद झालाय," मी म्हणालो आणि जेट्टीच्या रस्त्याला लागलो. तीही बरोबर आली. तिला ही केस ठाऊक होती.

जेट्टी म्हणजे समुद्रात रोवलेल्या खांबांवरची फळ्यांची एक लांब गल्ली. दोन्ही बाजूंना लाकडी घरं, दारात लाल देव्हारे, उदबत्त्या, टोपल्यांत सुकत घातलेला जवळा. वास थेट मोऱ्याचा. म्हातारी इथे का हसली, ते मला वास आल्याबरोबर कळलं. गल्लीच्या टोकाला बाकडं होतं. त्याच्या समोरच्या घराच्या दारात एक म्हातारी चिनी बाई कोळंबी सोलत बसली होती. तिची सून शेजारी पंखे, टोप्या असं काहीबाही विकत होती. सुनेला इंग्रजी येत होतं. मी मोबाइलमध्ये जपून ठेवलेला तो फोटो तिला दाखवला. तिने सासूला दाखवला. सासूने कोळंबीचे हात पदराला पुसावेत तसे कपड्यांना पुसले आणि माझं मनगट धरलं.

ती बोलत होती, सून सांगत होती. तुमची ही बाई इथे बाकड्यावर बसून होती. ऊन चढलं तरी उठेना. आम्ही घरात बोलावलं, येईना. काळोख पडल्यावर मी ओढून आत नेलं, पण उजाडताच परत बाकड्यावर. बाजारातून एका तमिळ दुकानदाराला बोलायला आणलं, त्याची भाषा तिला कळेना. पोलिसांकडे न्यायला गेलो तर बाकडं धरून ओरडायला लागली. मग मीच म्हटलं, राहू दे, हिचं माणूस येईल. माझ्या घरात जेवायची, माझ्याबरोबर कोळंबी सोलायची. माझ्यापेक्षा भरभर सोलायची.

"बोलायचात कशा?" माझ्या बायकोने विचारलं.

हातांनी, सून म्हणाली. मग सासूने करून दाखवलं. तुझं माणूस कुठे, असं आम्ही विचारलं की ती असं करायची. सासूने हात उंच नेऊन एका उंच माणसाची उंची दाखवली. मग गल्लीच्या तोंडाकडे बोट केलं. मग मुठीचा अंगठा ओठांना लावून पाणी पिण्याची खूण केली.

"आम्हाला वाटलं, हिला तहान लागलीय," सून म्हणाली. "सासूबाई पाणी आणून द्यायच्या. ती भांडं बाजूला सारायची आणि परत तीच खूण करायची. दिवसातून किती वेळा. आम्ही पाणी देत राहिलो. ते का नको, ते आम्हाला आजतागायत कळलं नाही."

मी त्यांना सांगितलं. तिचा मुलगा पाणी आणायला गेला होता.

सुनेने ते सासूला सांगितलं. सासूने माझं मनगट पुन्हा धरलं आणि काहीतरी विचारलं. सुनेच्या तोंडून ते यायच्या आधीच मला समजलं होतं.

"त्या विचारतायत, मग तो आला का पाणी घेऊन?"

समोर समुद्र होता, फळ्यांखाली लाटा आपटत होत्या. परक्या देशातली, एका शब्दाचीही ओळख नसलेली बाई माझ्याकडे बघत होती. जिने आमच्या माणसाला जेवू घातलं, लुगडं धुऊन दिलं, जाकीट घातलं. तिच्यासमोर उभं राहून मला खरं सांगायचं होतं. मी तोंड उघडलं.

"हो," मी म्हणालो. "आला ना. तोच आला तिला न्यायला."

चिनी म्हातारीचा चेहरा उजळला. तिने सुनेला कोपराने ढोसलं. मी तेव्हाच म्हटलं नव्हतं का, असं काहीसं ती म्हणत असावी. आत जाऊन तिने आम्हा दोघांसाठी पाणी आणलं. बायकोने घेतलं. मीही प्यायलो.

परत येताना बायको म्हणाली, "लाज वाटली ना?"

वाटली. त्या पोराची मला लाज वाटली, जणू तो माझ्या घरचा होता. आणि परक्यासमोर ती झाकायला जो शब्द पहिला तोंडात आला, तो मी बोलून टाकला. मोऱ्याच्या पडवीत म्हातारीने दुसरं काय केलं होतं? तिच्यासाठी परका मीच होतो.

नोकरीत मी असंख्य खोटे जबाब लिहून घेतले. स्वतः एकही दिला नव्हता. त्या बाकड्यापाशी पहिला दिला आणि म्हातारीवरचा माझा इतक्या वर्षांचा राग तिथे संपला. मुलावरचा मात्र आहे. तो कामोठ्यात अधूनमधून दिसतो, नमस्कार करतो. मी करत नाही.